संरक्षण आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात अपील कसे करावे

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेला आदेश मान्य नसेल, तर कलम 29 प्रमाणे सत्र न्यायालयात अपील करता येते. पण त्याआधी आदेश नीट वाचा आणि त्याच दिवसापासून पाळायला लागा. नुसते अपील दाखल केल्याने आदेश थांबत नाही. तक्रारदार महिलेशी संपर्क साधायचा नाही असे लिहिले असेल तर फोन नाही, मेसेज नाही, आणि ‘मिटवून टाकू’ म्हणून मामा-काकांमार्फत निरोपही नाही. संरक्षण आदेश मोडणे हा कलम 31 खाली गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही). आदेश चुकीचा आहे असे वाटणे हा बचाव होत नाही, आणि तिच्या जिवाला खरोखर धोका असू शकतो हे कोर्टाने गृहीत धरणेच योग्य आहे.

मग मुदत बघा. आदेश पीडित महिलेवर किंवा गैरअर्जदारावर (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याच्यावर) बजावला गेला, त्यातल्या नंतरच्या तारखेपासून 30 दिवस. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडता येतो. पण त्यात खरे कारण हवे, शक्य असेल तिथे कागदाच्या पुराव्यासह.

आदेशाची प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यावी असे कलम 24 सांगते. अपिलाला मात्र एवढ्यावर भागत नाही. नक्कल विभागात अर्ज करून मूळ अर्ज, तुमचे म्हणणे, संरक्षण अधिकाऱ्यांचा अहवाल, शपथपत्रे, साक्षी आणि रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झाले त्याची नोंद) यांच्या प्रमाणित प्रती काढा. नोटीस खरोखर बजावली होती का, तारखेला कोण हजर होते, हे रोजनाम्यावरूनच दिसते.

आता मुद्दे. बहुतेक अपिले इथेच कमकुवत होतात, कारण माणूस संसाराची सगळी कैफियत लिहून काढतो. सत्र न्यायालय नवी कैफियत ऐकायला बसलेले नसते, खालच्या कोर्टाचा आदेश तपासायला बसलेले असते. म्हणून मुद्दा कागदाला धरून मांडा: बाजू मांडायची संधीच मिळाली नाही, हिंसाचार घडल्याचा निष्कर्ष कोणत्या पुराव्यावर काढला ते आदेशात नाही, किंवा घरगुती नातेच सिद्ध झालेले नाही. आदेशातले एखादेच कलम जाचक असेल तर तेवढ्यालाच आव्हान द्या. पत्नीच्या चारित्र्यावर चिखलफेक करून अपील मजबूत होत नाही, आणि ती करूही नये.

आदेश अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापर्यंतचा तात्पुरता, असेल तर आणखी जपून. मुंबई उच्च न्यायालयाने 2008 साली सांगितले, की अंतरिम आदेशावरही अपील चालते, मात्र खालच्या कोर्टाने मनमानीपणे किंवा विपर्यस्तपणे अधिकार वापरला असेल तरच त्यात हात घालावा. एकतर्फी (तुमची बाजू न ऐकता दिलेला) अंतरिम आदेश असेल तर आधी त्याच कोर्टात हजर होऊन म्हणणे दाखल करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आदेशानंतर परिस्थिती बदलली असेल तर मार्ग वेगळा: कलम 25(2) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडेच बदलासाठी अर्ज. हा बदल आदेशानंतरचाच असला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले आहे.

अपील मेमो (अपिलाचे मुद्दे मांडणारा अर्ज) आणि वकीलपत्राबरोबर स्थगितीचा, म्हणजे आदेश तूर्त थांबवण्याचा, स्वतंत्र अर्ज द्या. स्थगिती मिळाली तरी ती कशापुरती आहे ते शब्दन् शब्द वाचा. पोटगी थांबली म्हणजे संपर्कबंदी उठली असे नव्हे. पोटगीचा काही भाग भरायची अटही कोर्ट घालू शकते.

अपील फेटाळले गेले तर पुढे उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज (रिव्हिजन) करता येतो.

हे अपील महिलेलाही करता येते, अर्ज फेटाळला गेला किंवा मागितलेले संरक्षण अपुरे मिळाले तर. तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. प्राधिकरणाचे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते.