यूव्ही-व्हिजिबल मोजणीतून अझोबेंझीनच्या पातळ फिल्ममधला बदल कसा पकडायचा

अझोबेंझीनचा रेणू यूव्ही प्रकाशात सरळ 'ट्रान्स' रूपातून वाकड्या 'सिस' रूपात जातो आणि अंधारात हळूहळू परत ट्रान्स होतो. फिल्मवर यूव्ही टाकला आणि शोषणाचं शिखर खाली आलं, की 'ट्रान्सचा सिस झाला' असं वहीत लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण शिखर खाली यायला आणखी तीन कारणं असतात. अझोबेंझीन तुटलेलं असतं, फिल्ममधून उडून गेलेलं असतं, नाहीतर फिल्मच होल्डरमध्ये सरकलेली असते. ही कारणं एकमेकांपासून वेगळी करता येतील अशा बेताने सगळी मांडणी करायची. महापे-रबाळेच्या एमआयडीसीतल्या छोट्या लॅबमध्ये किंवा ठाण्यातल्या कॉलेजात हे सहज जमतं. स्पेक्ट्रोफोटोमीटर, स्पिन कोटर (द्रावण गरगर फिरवून पातळ थर पसरवणारं यंत्र) आणि ३६५ नॅनोमीटरचा एलईडी एवढं पुरतं.

द्रावण आणि फिल्म

आधी हिशेब करा. ३२० नॅनोमीटरच्या आसपास ट्रान्स अझोबेंझीनचा मोलर शोषणांक (लिटरला एक मोल असताना दर सेंमी जाडीला होणारं शोषण) साधारण २२,००० असतो. फिल्मची जाडी १ मायक्रॉन, म्हणजे ०.०००१ सेंमी धरा. शोषण ०.५ हवं असेल तर ०.५ ÷ (२२,००० × ०.०००१), म्हणजे लिटरला ०.२३ मोल लागतील. वजनात हे पीएमएमएच्या (फिल्म ज्याची करायची त्या पारदर्शक अॅक्रिलिक पॉलिमरच्या) साडेतीन टक्के भरतं. म्हणून १० मिली टोल्युइनमध्ये १ ग्रॅम पीएमएमए आणि ३५ मिलिग्रॅम अझोबेंझीन घाला, झाकण घट्ट लावून रात्रभर ढवळा आणि ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळा. सगळं काम फ्यूम हूडमध्येच. असंच, पण अझोबेंझीन न घातलेलं द्रावणही करून ठेवा.

साधी काचेची स्लाइड इथे चालत नाही. ३२० नॅनोमीटरच्या खाली ती स्वतःच प्रकाश खायला लागते. क्वार्ट्झ घ्या. साबणपाणी, डिस्टिल्ड पाणी, अॅसिटोन, आयसोप्रोपेनॉल अशा क्रमाने धुवा आणि नंतर फक्त कडेने धरा, कारण बोटाचा तेलकट ठसाही यूव्हीत दिसतो. १५०० आरपीएमवर ६० सेकंद फिरवून चार नमुने करा: अझोबेंझीनवाले दोन क्वार्ट्झवर, कोरं पीएमएमए एका क्वार्ट्झवर, आणि अझोबेंझीनवालाच एक सिलिकॉन वेफरच्या तुकड्यावर.

जून ते सप्टेंबर नवी मुंबईत इथेच घात होतो. टोल्युइन उडताना फिल्म गार पडते, दमट हवेतलं पाणी तिच्यावर बारीक थेंबांनी बसतं आणि फिल्म दुधाळ होते. उजेडाकडे तिरकी धरली की लगेच कळतं. कोटरच्या भांड्यात आधी पाच मिनिटं कोरडा नायट्रोजन सोडा आणि फिरवतानाही चालू ठेवा. आर्द्रतामापी ५० टक्क्यांच्या वर असेल तर थांबलेलं बरं.

सुकवताना घाई नको. अझोबेंझीन ६८ अंशांना वितळतं आणि त्याआधीच हळूहळू उडायला लागतं. ५० अंशांवर दोन तास ठेवा, व्हॅक्यूम लावू नका. उरलंसुरलं टोल्युइन जायला मग रात्रभर डेसिकेटरमध्ये (कोरड्या बंद भांड्यात), फॉइलखाली. टोल्युइन राहिलं तर पॉलिमर मऊ राहतो आणि रेणू परत फिरण्याचा वेग बदलतो.

जाडी सिलिकॉनवरच्या फिल्मवरून काढा. पीएमएमएचा अपवर्तनांक १.४९, क्वार्ट्झचा १.४६. इतक्या जवळच्या दोन थरांमध्ये व्यतिकरणाच्या लाटा (फिल्मच्या वरून आणि खालून परतलेले किरण एकमेकांत मिसळून आलेखात उठणारे चढउतार) जवळपास दिसतच नाहीत. सिलिकॉनवरून परावर्तन मोजल्यावर त्या ठळक येतात. समजा लागोपाठची शिखरं ६०० आणि ५०० नॅनोमीटरला आली, तर (६०० × ५००) ÷ (२ × १.४९ × १००), म्हणजे १,००७ नॅनोमीटर. पीएमएमएच्या रेणुभारानुसार ही जाडी बदलते, त्यामुळे नवी बाटली उघडली की पुन्हा मोजा.

मोजणी

दिवा अर्धा तास तापू द्या. बेसलाइन कोऱ्या पीएमएमएच्या फिल्मवर घ्या, हवेवर नको. काळ्या कार्डाला ५ मिलिमीटरचं भोक पाडून फिल्म त्यावर चिकटवा आणि प्रयोग संपेपर्यंत काढू नका. कडेला जाडी बदलते, म्हणून एक मिलिमीटर सरकली तरी शोषण हलतं. स्कॅन ६०० कडून २५० कडे करा, म्हणजे यूव्ही शेवटी पडतो. डायोड अॅरे यंत्रात (जे सगळ्या तरंगलांबी एकाच वेळी मोजतं) पूर्ण पांढरा प्रकाश एकदम पडतो आणि मोजतामोजताच रेणू फिरतात, तिथे शटर हवंच.

यूव्हीचा गॉगल घाला. एलईडी १० सेंमीवर, शेजारी छोटा पंखा. एकूण १०, ३०, ६०, १२० आणि ३०० सेकंद उजेड देऊन प्रत्येक टप्प्यावर स्कॅन घ्या. दुसरी फिल्म अंधारात ठेवून प्रत्येक वेळी तिचाही स्कॅन घ्या. हा जोडीदार टाळू नका, सगळी भिस्त त्याच्यावर आहे.

आता आलेख एकावर एक ठेवा. ३२० खाली जातो आणि ४४० च्या आसपासचा छोटा उंचवटा थोडा वर येतो. सगळ्या रेषा ठरावीक बिंदूंतूनच एकमेकींना छेदत असतील, तर दोनच रूपांची अदलाबदल चालू आहे. छेदबिंदू सरकत गेला तर काहीतरी तुटतंय किंवा उडतंय. अंधारातल्या जोडीदाराचंही शिखर उतरलं असेल तर ते उडणंच. ६०० ला शोषण शून्याच्या वर गेलं असेल तर फिल्म धुरकट झाली आहे. तेवढा आकडा सगळीकडून वजा करून भागत नाही, कारण विखुरणं लहान तरंगलांबीकडे वाढत जातं. ती फिल्म टाकून द्या. ३२० ला सिस थोडंफार शोषतोच, म्हणून शिखराची टक्केवारीतली घट हा सिसच्या प्रमाणाचा किमान आकडा समजा.

शेवटी परतीचा प्रवास. फिल्म अंधारात ठेवा आणि पहिल्या तासात दर दहा मिनिटांनी, मग दर तासाला आणि नंतर दिवसातून दोनदा मोजा. रेषा एकाच घातांकात बसली नाही तर घाबरू नका. कडक पॉलिमरमध्ये काही सिस रेणू ताणात अडकलेले असतात, ते आधी झपाट्याने परततात. तापमान मात्र सांभाळा. ५ अंश वाढले की वेग जवळपास दुप्पट होतो. संध्याकाळी लॅबचा एसी बंद झाला की रात्रीचे बिंदू वेगळ्याच रेषेवर जाऊन बसतात. फिल्म २५ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा आणि तापमानाची नोंद शोषणाशेजारच्याच रकान्यात करा.