छाप पुसलेला ट्रान्झिस्टर कसा ओळखला

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या घरी आजोबांचा रेडिओ घोगरा वाजत होता. आउटपुटला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या भागात, धातूच्या टोपीचे दोन ट्रान्झिस्टर, दोघांचीही छाप पुसलेली. स्पिरिटने पुसलं, तर उरलेला आकडाही गेला. बीसी ५४७ हा सिलिकॉनचा, एनपीएन म्हणजे उलट जातीचा ट्रान्झिस्टर लावून पाहिला, तर रेडिओ मुकाच झाला. दोन रविवार वाया गेले, फार वैताग आला.

शेवटी दोन्ही काढून मल्टिमीटर डायोड तपासायच्या खुणेवर ठेवला. एक शॉर्ट होता, म्हणून त्याचा चांगला जोडीदार तपासला. मीटरचा काळा प्रोब (टोकदार सळी) एका पायावर धरून लाल बाकीच्या दोघांना लावायचा. दोन्हीकडे आकडा आला की काळ्याखालचा पाय बेस (नियंत्रणाचा पाय) आणि ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचा. आकडा ०.२२ व्होल्ट आला. सिलिकॉनला ०.६ ते ०.७ येतो, म्हणजे हा जर्मेनियम. टोपी बोटांत धरू नका, उबेने आकडा उतरतो.

मग एसी १२८ या जर्मेनियम पीएनपी ट्रान्झिस्टरची जोडीच लावली, पाय चिमट्यात धरून झटपट डाग दिला. आवाज स्वच्छ आला.