इन्क्लाइन डंबेल प्रेस: खांद्याचं दुखणं कसं थांबलं

दोन महिने इन्क्लाइन प्रेस (तिरक्या बेंचवर टेकून डंबेल वर ढकलणं) केला की उजवा खांदा पुढून ठणकायचा आणि छातीला ताणच जाणवायचा नाही. चूक आधी बेंचमध्ये सापडली. मी बेंचची पाठ चौथ्या खाचेत लावायचो. मोबाइलने कोन मोजला तर 50 अंश! बेंच इतका उभा असला की भार छातीच्या वरच्या भागाऐवजी खांद्याच्या पुढच्या स्नायूवर जातो. दोन खाचा खाली आणला, 30 अंश झाले.

मग कोपरं. ती खांद्याच्या रेषेत बाहेर फाकायची. आता अंगापासून साधारण 45 अंशांवर ठेवतो, मनगट बरोबर कोपराच्या वर. खांद्याची पाती मागे ओढून खाली दाबायची आणि सेट संपेपर्यंत सोडायची नाहीत. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

वजन 15 किलोवरून 10 वर आणलं, तेव्हा जिवावर आलं होतं. पण खाली आणताना मनात तीन मोजता येऊ लागले. डंबेल घेतानाही ते मांडीवर उभे ठेवून गुडघ्याने वर ढकला, खांद्याला हिसका बसत नाही.

तिसऱ्या आठवड्यात गळपट्टीच्या हाडाखाली पहिल्यांदा ताण जाणवला.