भंडारदऱ्याला फॅमिलीसोबत केबिनमध्ये रहायचा प्लॅन करताय?

आधी महिना ठरवा. मे एंड ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे दिसतात पण वीकेंडला गाड्यांची नुसती रांग लागते, त्यामुळे बारकी पोरं असतील तर मधल्या वारीच जा. नाहीतर नोव्हेंबर-डिसेंबर बेस्ट, फक्त तळ्याकाठी रात्री थंडी मरणाची, कानटोप्या घ्याच.

बुकिंग करताना फोन करून विचारा, बाथरूम केबिनमध्येच आहे की बाहेर, गरम पाणी कितीपर्यंत मिळतं, लाईट गेली तर काय, गाडी दारापर्यंत जाते का (आजी-आजोबांना दगडधोंड्यातून बॅगा घेऊन चालवू नका हो). फोटोत ‘लेक व्ह्यू’ काय, सगळ्यांचाच असतो!

कॅश, पेट्रोल, औषधं वाटेतल्या घोटी गावातच उरका, पुढे नेटवर्कचा भरवसा नाही म्हणून मॅपही डाउनलोड करून ठेवा. कळसूबाई १६४६ मीटर, सगळ्यांना झेपणार नाही, त्यापेक्षा रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघा, निवांत होतं. धरणाच्या पाण्यात पोरांना अजिबात सोडू नका, काठ निसरडा असतो. आणि बूट रात्री आतच ठेवा, तरी सकाळी झटकूनच घाला, विंचू कुठेही शिरतो.