जुन्या कपड्यांचा नाद लागलाय? मग आधी वही घ्या

नाशिकमध्ये राहते आणि जुने कपडे जमवते म्हटलं, की समोरच्याच्या डोळ्यांपुढे लगेच पैठणी उभी राहते. येवला इथून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर, तेव्हा त्यात नवल नाही. या वाटेला नव्याने लागलेली मुलंमुली भेटायला येतात, त्यांचाही पहिला प्रश्न ठरलेला: ताई, जुनी पैठणी कुठे मिळेल आणि केवढ्याला पडेल? माझं उत्तर त्यांना फारसं रुचत नाही. पैठणीच्या मागे लागू नका. पैठणी कुणीतरी जपलेली असतेच, निदान तिच्या जरीची किंमत घरात माहीत असते. ज्याला कुणी विचारत नाही ते शोधा. घरात नेसायचं सुती पातळ, कोपरापर्यंत बाह्यांचा झंपर, बाळाची कुंची, शाळेतलं परकर-पोलकं, आजोबांची काळी टोपी, लग्नात मामाकडून आलेली पिवळी अष्टपुत्री. हे कपडे विरले की त्यांचं फडकं होतं, फडक्याचं पायपुसणं, आणि मग नाव घ्यायलाही उरत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा शालू बघायला मिळणं त्या मानाने सोपं आहे. साठ वर्षांपूर्वी मेन रोडवर भाजी आणायला जाणारी बाई काय नेसत होती, ते हातात धरून बघायला मिळणं अवघड.

पोटापाण्यासाठी मी हिशेब तपासते. हा सगळा उद्योग रविवारचा आणि सुट्टीचा. त्यामुळे खाली लिहिलंय ते कमी पैशांत, नोकरी सांभाळून जमण्यासारखं आहे.

सुरुवात बाजारातून करू नका, घरातून करा. पत्र्याची ट्रंक, माळ्यावरचं बोचकं, लोखंडी कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा. तुमच्या घरात नसेल तर आत्याकडे, मावशीकडे, शेजारच्या काकूंकडे असेल. तिथे गेल्यावर साल विचारू नका. साल कुणाला आठवत नाही, आणि विचारलं की माणूस अंदाजे काहीतरी ठोकून देतं. प्रसंग विचारा. पंचवटीतल्या एका आजींना मी विचारलं होतं, “आजी, हे कधी नेसायचात?” त्या म्हणाल्या, “अगं, पूर आला तेव्हा हे दोरीवर वाळत होतं. धाकटा पोटात होता.” नाशिकमध्ये पूर म्हणजे १९६९ चा महापूर, निदान त्या वयाच्या माणसांसाठी. धाकट्याच्या जन्मदाखल्याशी ताडून पाहिलं की तारीख पक्की. बहात्तरचा दुष्काळ, कुणाचं बारसं, सिंहस्थ, या आपल्याकडच्या खुणा आहेत. सिंहस्थ मात्र बारा वर्षांनी परत येतो, तेव्हा कुठला ते खोदून विचारावं लागतं.

आता वही. किंमत ठरवण्याआधी, धुण्याआधी, इस्त्री तर लांबच, पहिली नोंद व्हायला हवी. कपडा कुणाचा, कुणी दिला, कोणत्या गावचा, कशासाठी वापरला, लांबी-रुंदी किती, कुठे डाग, कुठे ठिगळ, कुठे रफू. पान उभं दुमडून दोन भाग करा. डाव्या बाजूला लोकांनी सांगितलेलं, उजव्या बाजूला तुम्ही स्वतः पाहिलेलं. हे दोन्ही एकमेकांत मिसळू देऊ नका. “आजेसासूच्या लग्नातला झंपर” असं डावीकडे लिहिलेलं असतं आणि उजवीकडे निघतं, की टीप नायलॉनच्या दोऱ्याची आहे. म्हणून कुणी खोटं बोललेलं नसतं. कदाचित कापड लग्नातलं आणि शिलाई नंतरची असेल. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, पण दोन्ही नोंदलेल्या असतील तरच.

काळ ठरवायचा कसा, हा या नादातला सगळ्यात चविष्ट भाग. त्यासाठी कपड्यापेक्षा त्याच्या कडा जास्त बोलतात. गिरणीच्या कापडावर काठाजवळ शिक्का असायचा. त्यात माप वारांत असेल तर कापड बहुधा साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या आधीचं, कारण मेट्रिक पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ च्या सुमारास सक्तीची झाली. किंमत रुपये-आण्यांत छापलेली असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची. “नये पैसे” असेल तर १९५७ ते १९६४ मधली. त्यानंतर “नये” गळालं. शिंप्याच्या किंवा दुकानाच्या चिठ्ठीवर सहा आकडी पिनकोड असेल, तर ती चिठ्ठी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. कुठे “मुंबई राज्य” दिसलं तर महाराष्ट्र अजून झालेला नाही, म्हणजे १ मे १९६० च्या आधी. मुंबईच्या गिरणीचं नाव वाचता आलं तर १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप डोक्यात ठेवा. त्यानंतर कित्येक गिरण्या पुन्हा धड चालल्याच नाहीत.

यात एक मेख आहे. शिक्का कापडाचा काळ सांगतो, नेसण्याचा नाही. दुकानात ठाण वर्षानुवर्षं पडून राहायचं, आणि आपल्याकडे चांगलं कापड “पुढे लागेल” म्हणून ट्रंकेत घालून ठेवण्याची रीतच. म्हणून “अमुक सालच्या आधीचं नाही” एवढंच छातीठोकपणे लिहावं. धाग्याचंही तसंच. टेरीलीनचा, म्हणजे पॉलिएस्टरच्या धाग्याचा, शोध विलायतेत १९४१ साली लागला आणि त्यात सूत मिसळलेलं टेरीकॉट आपल्याकडे घरोघर पोचलं ते साठ-सत्तरच्या दशकांत. तेव्हा “स्वातंत्र्याच्या आधीचा सदरा” टेरीकॉटचा निघाला तर प्रश्न मिटला. रंगाबद्दलही एक गैरसमज फार पसरलाय, की जुनं म्हणजे झाडपाल्याचाच रंग. पहिला कृत्रिम रंग १८५६ सालचा आहे आणि कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारात आहे. आपल्या पणजीच्या लुगड्याचा रंग रासायनिक असण्याचीच शक्यता जास्त, आणि त्याने लुगड्याचं मोल कमी होत नाही.

मूळ रंग बघायचा असेल तर कपडा उलटा करा. शिंप्याने शिवणीत सोडलेल्या मायेला, म्हणजे आतल्या जादा कापडाला, ऊन लागलेलं नसतं. राखाडी वाटणाऱ्या झंपराची माया उसवून पाहिली तर आत गर्द जांभळा सापडतो. याहून मोठा खजिना म्हणजे गोधडी. वरचा थर विटतो, फाटतो, त्यावर नवा चढवला जातो, आणि आतली लुगडी, धोतरं, बाळाची दुपटी तशीच दाबून राहतात. माझ्या संग्रहातले घरगुती सुती पातळांचे चांगले नमुने जवळजवळ सगळे गोधड्यांच्या पोटातले आहेत. पण गोधडी उसवण्याआधी विचार करा. तीही कुणाच्या तरी हातची आहे, टाके मोजून घातलेली. फाटून आधीच उघडी पडली असेल तरच मी आत हात घालते, आणि थरांचा क्रम लिहून ठेवते.

जरीबद्दल थोडं सावधपणे सांगते. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. नकली जरीत तांब्याची तार असते, आणि हल्लीच्या स्वस्तातल्या जरीत प्लॅस्टिकची पट्टी. खरी जर काळवंडली तरी तिचा राखी-काळा रंग चांदीच्या जुन्या वाटीसारखाच वाटतो. तांबं लालसर किंवा हिरवट जातं. खात्री हवी तर सराफ बाजारात एखाद्या जुन्या पेढीवर सुटलेला धागा दाखवा, ते कसोटीवर घासून सांगतात. साडी मात्र तिथे नेऊ नका. कारण सराफ बाजारात साडीकडे चांदी म्हणून बघितलं जातं, आणि जर जाळून चांदी काढणारे आजही आहेत. किती शालू आणि पैठण्या त्या मुशीत गेल्या, याचा हिशेब कुणाकडेच नाही.

बोहारीण ही या सगळ्यातली माझी आवडती जाणकार. स्टीलच्या पातेल्यावर घासाघीस करता करता ती पदर बोटांत चोळून जर, रेशीम, मिश्र धागा एका क्षणात ओळखते. तिच्याशी ओळख करा, तिला तुमचा नंबर द्या, आणि दोन पैसे जास्त द्या. “फाटकं असलं तरी मला दाखव” हे दोन-चारदा सांगावं लागतं, कारण फाटक्याला गिऱ्हाईक असतं हेच तिला पटत नाही. मोठ्या शहरांत “व्हिंटेज” म्हणून टांगलेली परदेशी जाकिटं बहुतेक आयात केलेल्या जुन्या कपड्यांच्या गासड्यांतली असतात. ती आवडली तर जरूर घाला. मात्र त्यांच्यावरून इथलं काही कळणार नाही.

धागा ओळखायला जाळून बघण्याची पद्धत चांगली आहे, पण आतल्या शिवणीतला निसटलेला धागाच घ्या. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, आणि उरलेली काळी गुठळी चिमटीत चुरते. पॉलिएस्टर वितळतं, त्याचा मणी कडक होतो.

येवल्याला जा, पण खरेदीला नको, शिकायला जा. मागावर बसलेल्या विणकराला जुन्या पैठणीचा फोटो, त्यातही मागच्या बाजूचा, दाखवा. हातमागाच्या पैठणीत पदर पुढून आणि मागून जवळजवळ सारखा दिसतो. यंत्रावरच्या नकलेत मागे कापलेल्या धाग्यांचं जंगल असतं. एकाच धोट्याने (आडवा धागा नेणारं मागाचं साधन) विणलेली एकधोटी आहे की काठाला वेगळा धोटा चाललाय, बुट्टी, म्हणजे बारीक नक्षी, पैशाची की वाटाण्याची, हे त्यांच्या तोंडून ऐकताना निम्मं शिक्षण होतं. इरकलीचंही असंच. तिचा टोपपदर अंगाच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, वळशांनी जोडलेला असतो. तो सांधा बोटाने चाचपून पाहा. एकदा कळला की अंधारातही ओळखू येतो.

कागदपत्रांकडे बहुतेक जण वळत नाहीत, आणि तिथेच खरी मजा आहे. लग्नाच्या याद्या आणि मानपानाच्या वह्या जुन्या घरांत हमखास सापडतात. कुणाला खण, कुणाला इरकल, कुणाला नुसतं उपरणं, आणि कितीला, सगळं तिथे टिपलेलं. जुन्या वह्या मोडी लिपीत असतात, म्हणून मोडी शिका. काही महिन्यांत कामापुरती येते. घरातल्या बायकांची नावं, नाती जुळत नसतील तर रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कुळाची नोंद मिळू शकते. १८४० साली स्थापन झालेलं आपलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना, हे जुन्या मासिकांच्या चौकशीसाठी जायचं पहिलं ठिकाण. १९३० साली सुरू झालेल्या ‘स्त्री’ मासिकासारखे अंक कुठेही हाती लागले, तर लेखांपेक्षा जाहिराती आधी बघा. फोटोंना मात्र डोळे झाकून मानू नका. स्टुडिओत लोक ठेवणीतलं नेसून, कधी मागून आणलेलं नेसून बसायचे. रविवर्म्याच्या छापील चित्रांतली नऊवारी तर देवींची आणि नायिकांची, गल्लीतल्या बाईची नव्हे.

सांभाळणं कंटाळवाणं आहे, तेव्हा थोडक्यात. कसर हा पहिला शत्रू, दमट पावसाळा दुसरा, प्लॅस्टिकची पिशवी तिसरा. धुतलेल्या, बिनरंगी मलमलीत गुंडाळा. डांबरगोळ्या कपड्याला टेकू देऊ नका. जरीची साडी टांगू नका, जमलं तर गुंडाळीवर ठेवा. घडी घालायचीच तर दर काही महिन्यांनी मोडून वेगळ्या जागी घाला. अत्तर जरीपासून लांब. लोखंडी कपाट असेल तर आत कापडाचं अस्तर लावा. आणि डाग काढायची घाई नको. कुंचीवरचा काजळाचा ठिपका हाही नोंदच आहे.

“याचं करिअर होईल का?” हे आईवडील मुलांसमोरच मला विचारतात. संग्रहावर पोट भरत नाही. संग्रहालयशास्त्र आणि जतन यांवर मात्र भरू शकतं, जागा थोड्या असल्या तरी. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही पदव्युत्तर पदविका चालते. प्रवेशाच्या मुलाखतीला पदवीबरोबर स्वतःच्या हातची नोंदवही घेऊन जा, असं मी आवर्जून सांगते. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघताना हेही आठवा, की ते जमवणाऱ्या माणसाचा व्यवसाय चष्म्यांचा होता. अहमदाबादचं कॅलिको म्युझियम १९४९ सालचं. तिथे आधी नाव नोंदवावं लागतं आणि फोटो काढू देत नाहीत, म्हणून पेन्सिल न्या.

कायद्याचं एक कलम माहीत हवं. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या मावसबहिणीने पणजीचं लुगडं कुरियरने मागितलं, तर आधी हे बघा.

आणि कुणी कपडा दिला तर दोन ओळी लिहून घ्या, सहीसकट: दान दिलाय, सांभाळायला दिलाय की फोटोपुरता. मी “सांभाळायला”च लिहून घेते. त्यामुळे नातीच्या डोहाळजेवणाला इरकल परत हवी म्हणून फोन आला, की वहीत पान काढायचं, परत दिल्याची तारीख घालायची आणि पिशवी भरून द्यायची.