गोष्ट सांगून देणगी मागताना

संस्थेत निधी संकलनाचं काम मिळालं तेव्हा पहिल्याच महिन्यात मला एका सोसायटीच्या गणेशोत्सवात दहा मिनिटं बोलायला पाठवलं. मी आकडे पाठ करून गेले: किती मुलं, किती वस्त्या, किती अभ्यासिका. समोरच्या काकांचं सगळं लक्ष प्रसादाच्या द्रोणाकडे. जमले सातशे रुपये, त्यातले शंभर माझ्या मावशीचे.

पुढच्या खेपेला एकच गोष्ट सांगितली. एक मुलगी रात्री दहापर्यंत अभ्यासिकेत बसते, कारण घरी एकच खोली आणि टीव्ही बंद व्हायला साडेदहा वाजतात. लोक आधी हसले, मग गप्प झाले. एका आजींनी विचारलं, "मग सकाळी किती वाजता उघडता?" असा प्रश्न आला की समजायचं, गोष्ट पोचली. मोठमोठी विशेषणं लावून असा प्रश्न कधी येत नाही.

१९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, त्यामागेही असंच काहीसं घडलं होतं. गर्दच्या आहारी गेलेल्या तरुणांवर अनिल अवचटांनी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, एक लाख रुपये द्यायला पुढे आले आणि डॉ. अनिता अवचट यांनी केंद्र उभं केलं. नवीन येणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण तिथे आधी माणसं नीट पाहिली गेली होती, पैशांचं नंतर आलं.

कंपन्यांकडे जाल तेव्हा मात्र आकडे हवेतच. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि तिथल्या अधिकाऱ्याला वरिष्ठांना हिशोब दाखवायचा असतो. गोष्ट पहिल्या पानावर, तक्ता दुसऱ्या. पाचशे रुपये देणाऱ्याला पावती वेळेवर द्या आणि सहा महिन्यांनी पुढे काय झालं ते कळवा. हे आम्ही निम्म्या वेळा विसरतो.

आता माझी चूक. एका पत्रकात मी सतरा वर्षांच्या मुलाची गोष्ट लिहिली. नाव बदललं होतं, पण वडील कुठल्या स्टँडवर रिक्षा लावतात आणि किती पितात, हे तसंच ठेवलं. देणग्या भरपूर आल्या. वस्तीत पत्रक पोचायला चार दिवस लागले. मुलगा परत आला नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करता येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक होतं. ओळख म्हणजे फक्त नाव आणि फोटो, असा माझा समज होता.

तेव्हापासून लिहिलेलं आधी त्या मुलाला किंवा मुलीला वाचून दाखवते, पालकांनाही. वेळ जातो, कार्यालयात कुरकुर होते. गेल्या वर्षी अकरावीतल्या एका मुलीने कागद हातात घेऊन पेन मागितलं. "आई धुणीभांडी करते ते राहू दे, ताई. पण नापास झाल्यावर मी रडले, ते काढा. मी रडलेच नव्हते. चिडले होते."