पेट्या सुटण्याआधी फाइलींचे पत्ते तपासा

मार्चात वाशीच्या बाजाराला आंब्याच्या पेट्या जोरात सुटल्या की रोज पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, येतात, आणि हिशोब जुळवणारा पायथनचा प्रोग्रॅम नेमका तेव्हाच 'अशी फाइल नाही' म्हणून बसतो. म्हणून झाडावर मोहोर आहे तोवरच हे उरकून टाका.

आधी प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरमधून चालतोय ते छापून बघा. नुसतं फाइलचं नाव दिलं तर पायथन ती चालू फोल्डरात शोधतो. प्रोग्रॅम स्वतः कुठे ठेवलाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. डबल क्लिकवर चालणारं एडिटरमध्ये अडतं ते बहुतेक यामुळेच. फाइलींचे पत्ते हाताळणारं पाथलिब पायथन ३.४ पासून सोबतच येतं, ते वापरून प्रोग्रॅमच्या जागेवरूनच पत्ता बांधा.

विंडोजवर असाल तर बॅकस्लॅशवर जरा थांबा, खरी गंमत तिथे आहे. डी ड्राइव्ह, बॅकस्लॅश, पुढे स्मॉल अक्षरांत इंग्रजीत देवगड, हे चालून जातं. तिथेच रत्नागिरी लिहा, बॅकस्लॅश आणि आर मिळून कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला नेणारं, न दिसणारं चिन्ह) होतो नि पत्ता मोडतो. तळेऱ्याच्या टीचा टॅब होतो, नांदगावच्या एनची नवी ओळ, वेंगुर्ल्याच्या व्हीचा उभा टॅब. देवगडच्या डीला असा काही अर्थ नाही म्हणून ते निभावतं, तरी ३.१२ पासून पायथन तिथेही स्पष्ट इशारा देतो. सी ड्राइव्हवरच्या 'युजर्स'चा कॅपिटल यू तर प्रोग्रॅम सुरूच होऊ देत नाही. कोट्सच्या आधी आर लावा, नाहीतर सरळ फॉरवर्ड स्लॅश टाका, विंडोजला चालतो. मला फॉरवर्ड स्लॅशच बरा वाटतो, कारण आर लावूनही शेवटी एकटा बॅकस्लॅश ठेवता येत नाही.

नोटपॅडमधून सेव्ह केलेल्या 'पट्टी.सीएसव्ही'मागे 'टीएक्सटी' लपलेलं नाही ना, बघा. एक्स्टेन्शन दिसतील असं सेटिंग करा. प्रोग्रॅम लिनक्सवर न्यायचा असेल तर नावातलं स्मॉल-कॅपिटल तंतोतंत जुळवा.

बागायतदारांची नावं देवनागरीत असणार, तेव्हा उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहाच. एक्सेलने 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून दिलेली फाइल असेल तर 'यूटीएफ-८-सिग', नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला न दिसणारं अक्षर चिकटतं.

नव्या वर्षाचा फोल्डर आधी बनवा, फाइल लिहायला उघडली म्हणून तो आपोआप होत नाही. आणि 'डब्ल्यू' मोडने गेल्या वर्षीची फाइल उघडलीत तर काही लिहायच्या आतच ती रिकामी होते; नवी फाइल करताना 'एक्स' द्या, त्या नावाची आधीच असेल तर पायथन नकार देतो.